तीन अक्षरांचा शब्द

कोशकाकांच्या शेवटच्या वर्षाची माती झाली ती एका चिठ्ठीमुळे, आणि ती चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कोशकाका हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेतले अर्थ सांगणारा एक मोठा कोश तयार करणाऱ्या कार्यालयात ते एकतीस वर्षं नोकरीला होते, म्हणून बिल्डिंगमधली पोरं त्यांना कोशकाका म्हणायची. पोरांचं ऐकून आया म्हणायला लागल्या, आणि पुढे पुढे पोस्टमनही खरं नाव विसरला. खरं नाव कुठे छापून आलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तेच तर दुखणं होतं.

कोशाचे तीन खंड निघाले होते. प्रत्येक खंडाच्या पहिल्या पानावर संपादकांची यादी असते. पहिल्या खंडाच्या वेळी काका हंगामी होते, हंगामी माणसाचं नाव घालत नाहीत. दुसऱ्या खंडाच्या वेळी नेमकी कावीळ झाली. तिसऱ्या खंडात सगळं जुळून आलं होतं, पण पानावर जागा संपली आणि यादीच्या शेवटी ‘व इतर सहकारी’ असं छापलं. काकूंनी तो खंड आल्यागेल्याला दाखवला. “हे बघा, ‘इतर’ म्हटलंय ना, ते हे.” लोक मान डोलवायचे आणि चहा संपवून लवकर निघायचे.

पण काकूंचे वडील चहा संपवून निघून जाणाऱ्यातले नव्हते, कारण ते राहायलाच लेकीकडे होते. रिटायर्ड हेडमास्तर, वय चौऱ्याऐंशी, दात सगळे स्वतःचे. त्यांच्याकडे एक पितळी मुठीचं भिंग होतं, ते ते कुणाच्या हातात देत नसत. प्रत्येक खंड आला की ते खिडकीशी बसायचे, भिंगातून पहिलं पान वरपासून खालपर्यंत तपासायचे आणि म्हणायचे, “जावईबापू, दिसत नाही हो.” मग मागच्या पानापर्यंत तपासून पुन्हा म्हणायचे, “कुठेच दिसत नाही.” एवढंच. जास्त बोलत नसत. पण पेपर तपासणाऱ्या माणसाचं ‘दिसत नाही’ म्हणजे काय असतं, ते ज्याला शून्य मिळालंय त्यालाच कळतं.

चौथा खंड म्हणजे एस अक्षराचा खंड, ही शेवटची संधी होती. अकरा महिन्यांनी काका निवृत्त होणार होते. नियम साधा होता. ज्याने आपल्या वाट्याचे शब्द मुदतीत ‘जमा’ केले, त्याचं नाव यादीत. इतर छोटे शब्द काकांनी कधीच जमा केले होते. उरलेल्या अवघड शब्दांची वाटणी संचालकांनी चिठ्ठ्या टाकून करायची ठरवली. रद्दीच्या टोपलीत चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेकाने हात घातला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ‘स्क्विरल’ आलं. त्याला ते स्पेलिंग बघूनच घाम फुटला. काकांनी चिठ्ठी उघडली. ‘सेट’. एस, ई, टी. तीन अक्षरं!

काकांना आकाश ठेंगणं झालं. सहकारी काकुळतीला येऊन म्हणाला, “साहेब, अदलाबदल करू या का? मला ते क्यू वगैरे झेपायचं नाही.” काका म्हणाले, “नशीब ज्याचं त्याचं.” आणि वर सगळ्यांना चहा पाजला. त्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधी ‘स्क्विरल म्हणजे खार’ असं लिहून कार्ड जमा केलं. त्या शब्दाला साठवून ठेवणे असाही एक अर्थ आहे, पण ही गोष्ट त्याने कुणापाशी बोलली नाही. त्याचं नाव त्याच दिवशी पक्कं झालं. ऑफिसात पुढे त्याला खारवाले म्हणायला लागले.

इकडे काकांनी ‘सेट’साठी मोठे इंग्रजी कोश काढले. पहिल्या पानावर ते हसले. तिसऱ्या पानावर त्यांनी चष्मा पुसला. नवव्या पानावर त्यांनी पाणी मागवलं. घड्याळ लावणं सेट, हाड बसवणं सेट, सूर्य मावळणं सेट, सिमेंट घट्ट होणं सेट, सापळा लावणं सेट, छापखान्यात खिळे जुळवणं सेट, प्रवासाला निघणं सेट, कपबशा सेट, टेनिसमध्ये सेट, नाटकात सेट, आणि पोराला नोकरी लागली की तोही सेट. शंभराच्या पुढे काकांनी मोजणं सोडलं. संध्याकाळी ते खारवाल्यांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि आडून आडून म्हणाले, “ते परवा तुम्ही अदलाबदलीचं म्हणत होता…” खारवाले म्हणाले, “नशीब ज्याचं त्याचं, साहेब.”

आता नुसते अर्थ लिहायचे असते तर काकांनी लिहिलेही असते. पण या कोशाची एक खोड होती. कोश सुरू करणाऱ्या मूळ संचालकांनी नववं कलम घालून ठेवलं होतं: शब्द इंग्रजी असला तरी बोलणारा आपला हवा. प्रत्येक अर्थाचं एक कार्ड. कार्डावर तो शब्द वापरून आपल्या जिवंत माणसाने बोललेलं एक वाक्य, आणि खाली त्या माणसाची सही. त्याला साक्षीदार म्हणायचं. साक्षीदाराने कशावर सही करायची तेही छापलेलं होतं: ‘वरील वाक्य मी शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता उच्चारले आहे.’ शिवाय संपादकाने स्वतः साक्षीदार होऊ नये, ही तळटीप.

काकांनी पहिलं कार्ड घरातच करायचं ठरवलं. सासरेबुवा सहज म्हणून गेले होते, “मी अठ्ठावीस वर्षं गणिताचे पेपर सेट केले.” काकांनी तिथल्या तिथे कार्ड पुढे केलं. सासरेबुवांनी भिंगातून मजकूर दोनदा वाचला, एक स्वल्पविराम वाढवला आणि सही केली. काकांना वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी ते कार्ड कपाटबाबूंनी परत केलं.

कपाटबाबू म्हणजे कार्डांच्या कपाटाचे राखणदार. ते जमा म्हणतील तर जमा. त्यांनी कार्डावरचं वय बोटाने दाखवलं. “चौऱ्याऐंशी. माणूस हयात आहे कशावरून?”

“अहो, आज सकाळीच माझ्याशी भांडले.”

“तुमच्याशी भांडले. ऑफिसशी नाही. नियम जिवंत माणसाचा आहे. हयातीचा दाखला जोडा.”

हे घरी सांगायचं कसं, या विचाराने काकांनी बसचे दोन थांबे पुढे जाऊ दिले. शेवटी जेवताना हळूच विषय काढला. सासरेबुवांचा घास हातात राहिला. “म्हणजे जावईबापू, मी जिवंत असल्याबद्दल तुमच्या ऑफिसला शंका आहे?” काकू म्हणाल्या, “बाबा, तसं नाही हो.” “तसंच आहे!” पुढे दोन दिवस म्हातारा काकांना दिसला की जोरात खाकरायचा, आणि म्हणायचा, “नोंद करून घ्या.” मग दोघे मिळून दाखल्याच्या रांगेत चार तास उभे राहिले. दाखला देणाऱ्याने सासरेबुवांकडे बघितलंच नाही, काकांकडे बघून विचारलं, “हयातीचा दाखला तुमचाच ना?”

एका कार्डाला चार तास. काकांनी बाकीच्या कार्डांचा हिशेब मनात मांडला आणि लगेच पुसला. मग त्यांनी सरळ बिल्डिंगमध्ये फिरायला सुरुवात केली. खिशात कार्डं, हातात पेन. जिन्यात कोणी भेटलं की ते कान टवकारून उभे राहायचे. तळमजल्यावरच्या पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, “केस सेट करायला वेळ लागतो,” की काकांनी कार्ड काढलंच. जिना दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, “सिमेंट सेट होईस्तोवर पाय ठेवू नका,” आणि काकांनी आनंदाच्या भरात कार्ड द्यायला पुढे होऊन नेमका तिथेच पाय ठेवला. तो ठसा आजही आहे. काकूंचं कार्ड तर न मागता मिळालं. त्या म्हणाल्या, “एकतीस वर्षं तुमचा अलार्म मीच सेट करते, त्याचं लिहा की.” लिहिलं.

सल्ल्यांना तर सुमार नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड बँकवाले म्हणाले, “अहो, हा शब्द सोडा. झेब्रा घ्या. एक जनावर, एक अर्थ.” पार्लरवाल्या म्हणाल्या, “इतके अर्थ असलेला शब्द ठेवायचाच कशाला? बंद करून टाका.” मिस्त्री म्हणाला, “मुळात पाया चुकलाय. तीन अक्षरांवर एवढे मजले कोणी चढवतं का?” उंटावरून शेळ्या हाकायला बिल्डिंग कधीच कमी पडली नाही.

एका अर्थाने मात्र काकांना पार रडवलं. इंग्रजांच्या रानात बॅजर नावाचा एक प्राणी बीळ करून राहतो. त्या बिळालाही सेट म्हणतात. आता हा शब्द वापरणारा आपला माणूस आणायचा कुठून? काका प्राणिसंग्रहालयात गेले. रखवालदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, तो प्राणी आमच्याकडे नाही. पाणघोडा आहे. त्याचं काही लिहायचं असेल तर सांगा, मी सही करतो.” काका तिथल्या बाकावर अर्धा तास बसून राहिले. पाणघोडाही पाण्यातून डोळे वर काढून त्यांच्याकडे बघत राहिला. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता.

आणि असं करता करता एकेक सही गोळा होत असताना, करायला गेलो एक आणि झालं भलतंच, तसं झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं की कोशकाका घरोघर जाऊन सह्या गोळा करताहेत, आणि कागदावर ‘कोणाच्याही दबावाखाली न येता’ असं लिहिलंय. सेक्रेटरींनी गेल्या वर्षी पाण्याची टाकी कुणाला न विचारता बदलली होती. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी ताबडतोब विशेष सभा बोलावली. विषय एकच: ‘काही सभासदांच्या संशयास्पद हालचाली.’

काकांना रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तीस-चाळीस माणसांसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. एकतीस वर्षं अर्थ सांगणारा माणूस, पण एवढे लोक त्यांचं कधी ऐकायला बसले नव्हते.

“हे माझ्याविरुद्ध आहे की नाही, एवढंच सांगा,” सेक्रेटरी म्हणाले.

“अहो, हे एका शब्दाबद्दल आहे,” काका म्हणाले. “सेट म्हणजे मुळात बसवणं. जुन्या इंग्रजीतलं क्रियापद, एखाद्याला बसायला लावणं. त्यातून दगड बसवणं, हाड बसवणं, सिमेंट बसणं, सूर्य खाली बसणं, सगळं निघालं.”

“आणि माझा बशांचा सेट?” पार्लरवाल्यांनी विचारलं.

“तो वेगळा. तो मूळचा लॅटिन. एखाद्याच्या मागून जाणाऱ्यांचा जथा, पंथ. तिथून फ्रेंचमध्ये आला, फ्रेंचमधून इंग्रजीत. येईपर्यंत झिजून झिजून दोघांचं रूप सारखं झालं, आणि दोघे एकाच नावाखाली राहायला लागले. आता यातलं कोणाचं काय, हे विद्वानांनाही पुरतं सांगता येत नाही.”

मग बँकवाले म्हणाले, “म्हणजे पोटभाडेकरू!”

हे मात्र सगळ्यांना पटकन कळलं. सेक्रेटरी पुढे झुकले. “नाव मूळ मालकाचं, राहतो हा. ना-हरकत पत्र घेतलं होतं का?” त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. कोणीतरी ‘सेट’ला तीन महिन्यांची नोटीस द्यावी असंही सुचवलं. काकांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. शेवटी सेक्रेटरींनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. “सही करून आम्हाला काय मिळणार?”

“काही नाही. खंडाच्या मागे साक्षीदारांची नावं छापतात. आणि एक प्रत घरपोच येते.” हे सांगताना काकांना ‘व इतर सहकारी’ आठवलं.

“नाव छापून?” सेक्रेटरी उठून उभे राहिले. “आधी नाही का सांगायचं!”

त्या दिवसापासून काकांच्या दाराला कडी राहिली नाही. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली. सकाळी दात घासताना, दुपारी जेवताना, माणसं यायची आणि दारातूनच ओरडायची. “काका, मला ताप आला होता तेव्हा डॉक्टर म्हणाले बॉडी टेम्परेचर सेट झालं, चालेल?” “काका, आमचा टीव्ही सेट घ्या.” सेक्रेटरी स्वतः चार वेळा आले, कारण त्यांना ‘पाण्याची टाकी आम्ही व्यवस्थित सेट केली’ हे वाक्य छापून हवं होतं. सासरेबुवा भिंग घेऊन दाराशी बसायचे आणि येणाऱ्याचं वाक्य तपासून मगच आत सोडायचे. कच्ची वाक्यं त्यांनी जिन्यातूनच परत पाठवली. एका बाईंच्या परदेशातल्या भावाच्या घरामागे खरोखरच बॅजरचं बीळ निघालं. तो सुट्टीवर घरी आला आणि सही करून गेला. काकांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, तो माणूस जरा घाबरलाच.

दहा महिन्यांनी कार्डं पुरी झाली. एकशे सत्त्याऐंशी. प्रत्येक कार्डाला अर्थ वेगळा, वाक्य वेगळं, सही वेगळी. काका ती बुटाच्या खोक्यात घालून ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कपाटबाबूंनी खण ओढला, कार्डं घातली, आणि खण बंद करायला गेले. तो बंद होईना.

“एका शब्दाला एक खण,” कपाटबाबू म्हणाले. “एका खणात एकशेवीस.”

“मग दुसरा खण द्या.”

“शेजारचा खण दुसऱ्या शब्दाचा आहे.”

काकांनी शेजारचा खण उघडला. आत खारीचं एकुलतं एक कार्ड आडवं झोपलं होतं. “यात एकशे एकोणीस कार्डांची जागा आहे!”

“आहे ना. पण ती खारीची आहे.”

दुसऱ्या खणासाठी अर्ज करावा लागतो. काकांनी केला. अर्ज वरच्या मजल्यावर गेला, तिथून शेरा आला: ‘सदर शब्द तीन अक्षरी असून त्यास दोन खण कशासाठी, याचा खुलासा व्हावा.’ काकांनी सहा पानी खुलासा दिला. त्यावर शेरा आला: ‘खुलासा संक्षिप्त असावा.’ काकांनी एक ओळ लिहिली. त्यावर शेरा आला: ‘सविस्तर लिहावे.’ यात तीन आठवडे गेले. निवृत्तीला कामाचे चार दिवस राहिले.

शेवटी संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “कशाला हट्ट करता? एकशेवीस ठेवा, सदुसष्ट फेकून द्या. एवढे अर्थ लागतात कुणाला! सोमवारी जमा करा, पहिल्या पानावर तुमचं नाव मी स्वतः घालतो.”

काका खोकं घेऊन घरी आले. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळी कार्डं मांडली आणि सदुसष्ट वेगळी काढायला बसले. पहिलं उचललं ते मिस्त्रीचं. त्याने सही करण्याआधी हात धुतले होते. ते खाली ठेवलं. दुसरं पार्लरवाल्यांचं. त्या रोज जिन्यात विचारायच्या, “आमचं जमा झालं का हो?” तेही खाली ठेवलं. सेक्रेटरींचं फेकायला हात शिवशिवला, पण टाकी खरंच चांगली बसली होती.

काकू म्हणाल्या, “माझं काढा हो. मी काही मनाला लावून घेणार नाही.”

सासरेबुवा खिडकीपाशी होते. ते म्हणाले, “माझंही काढा. फक्त तो हयातीचा दाखला परत द्या, मला पुढे लागेल.”

काकांनी तीनदा सदुसष्ट कार्डं काढली आणि तीनदा परत घातली. मग त्यांना रडूच आलं. भर दुपारी, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जेवणाच्या टेबलाशी बसून रडला. “मला नाही जमत गं,” ते काकूंना म्हणाले. “‘व इतर’ म्हणजे काय ते मला माहीत आहे. एका पानासाठी मी सदुसष्ट माणसं ‘इतर’ कशी करू?” काकूंनी कार्डं गोळा केली आणि खोक्यात नीट लावून ठेवली.

सोमवारी काकांनी संचालकांना नाही म्हणून सांगितलं. गुरुवारी ते निवृत्त झाले. खोकं कपाटबाबूंच्या टेबलावर दुसऱ्या खणाची वाट बघत तसंच राहिलं. निरोपसमारंभात खारवाले छान बोलले. काका घरी आले, खुर्चीत बसले आणि छताकडे बघत म्हणाले, “एकतीस वर्षं एका जागी बसलो, पण सेट काही झालो नाही बघ.” त्यांचा रोजच्या चहाचा कपही ऑफिसातच राहिला होता. काकू म्हणाल्या, “उद्या मी जाऊन आणते.” सकाळी निघताना त्यांनी एक कागद पुढे केला, “इथे सही करा,” आणि काकांनी केली. गेली एकतीस वर्षं काकूंनी पुढे केलेल्या कागदावर काका न वाचताच सही करत आले होते. घर चाललं होतं ते त्यामुळेच.

दुसरा खण मंजूर झाला तो पुढच्या बुधवारी. बैल गेला नि झोपा केला. काकांच्या टेबलाचा कार्यभार खारवाल्यांकडे होता, तेव्हा ‘सेट’ त्यांनीच जमा केला. नियमाप्रमाणे जो जमा करतो त्याचं नाव. खारवाले बिचारे घरी येऊन सांगून गेले. काका म्हणाले, “नशीब ज्याचं त्याचं,” आणि या वेळी हे वाक्य त्यांनी अगदी सावकाश म्हटलं.

वर्षभराने एक टेम्पो बिल्डिंगसमोर उभा राहिला. चौथा खंड! साक्षीदारांच्या प्रती आल्या होत्या. नऊशे पानांची एकेक वीट, लिफ्ट बंद, आणि तरी माणसं खाली धावली. सेक्रेटरींनी पार्किंगमध्येच आपलं नाव मोठ्याने वाचून दाखवलं, टाकीसकट. मिस्त्रीने पान उघडून बायकोला फोन लावला. पार्लरवाल्यांनी ते पान काचेत लावलं. सगळे जिन्यातून ओरडत होते, “काका, आलो हो! छापून आलो!” काका गॅलरीत उभे राहून सगळ्यांना हात करत होते. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं त्यांच्या मनात येत होतं, पण ते हसत होते.

टेम्पोवाला वर आला आणि दारात तीन पुडकी ठेवून गेला.

“दोन हवीत,” काका म्हणाले. “एक बाबांचं, एक हिचं. संपादकांना निराळी प्रत जाते, आणि मी तर संपादकही नाही.”

“यादीत तीन आहेत,” तो म्हणाला आणि निघून गेला.

सासरेबुवांनी एक पुडकं सोडलं, खिडकीशी नेलं, भिंग काढलं. पहिलं पान वरपासून खालपर्यंत तपासलं. खारवाल्यांचं नाव होतं. “जावईबापू, दिसत नाही हो.” काकांनी मान खाली घातली. मग म्हाताऱ्याने सवयीप्रमाणे मागची पानं काढली. साक्षीदारांची शब्दवार यादी, त्यात ‘सेट’ची. भिंग एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. बराच वेळ थांबलं.

“साक्षीदार क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी,” ते म्हणाले आणि मग काकांचं नाव वाचलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

“कसं शक्य आहे?” काका पुढे आले. “संपादकाला साक्षीदार होता येत नाही.”

“संपादक होतात ते गुरुवारपर्यंत,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “मी सही घेतली शुक्रवारी सकाळी. कप आणायला गेले तेव्हा खोकं टेबलावरच होतं. ते कार्ड कपाटबाबूंना दाखवूनच त्यात घातलं. ते म्हणाले, नियमात बसतं.”

सासरेबुवांनी पानं उलटली, ‘सेट’ काढला. त्याला पुरी सहा पानं लागली होती. शेवटच्या पानावर शेवटचा अर्थ होता, ‘स्थिरस्थावर होणे’, आणि त्याखाली वाक्य. ‘एकतीस वर्षं एका जागी बसलो, पण सेट काही झालो नाही.’ म्हाताऱ्याने ते एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचलं. व्याकरणात चूक सापडली नाही.

“यादीवर काय मथळा आहे माहीत आहे का?” ते म्हणाले. “‘हयात साक्षीदार’. तेव्हा जावईबापू, निदान जिवंत आहात एवढं तरी छापून आलं.”

काका हसायला गेले, पण ते हसू मध्येच अडकलं. त्यांनी चष्मा पुसला तरी अक्षरं बारीक ती बारीकच. मग सासरेबुवांनी खुर्ची खिडकीपासून जराशी सरकवून जागा केली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते पितळी मुठीचं भिंग जावयाच्या हातात दिलं.